१० मीटर एअर रायफल: ग्रुप ६ वरून १२ मिमीवर गेलाय, नळी बदलायची का?

विश्रामबाग_१०मी (सांगली)

मंडळी नमस्कार. क्लबच्या रायफलीबद्दल विचारायचं आहे. पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) मॅच रायफल, साइड लिव्हर, ॲल्युमिनियमचा स्टॉक, २०० बारचा सिलिंडर. नळीपुढे एक्स्टेन्शन ट्यूब आणि पुढची साइट तिच्यावर. वाळूच्या पिशवीवर टेकून ५ गोळ्यांचा ग्रुप (कार्डावर भोकांचा पसारा) ६ मिमीच्या आसपास यायचा (बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत). पावसाळ्यात हळूहळू ८ झाला आणि राज्य स्पर्धेहून रायफल परत आल्यापासून थेट ११-१२. प्रवासासाठी ट्यूब काढून केसमध्ये ठेवली होती.

गोळ्या त्याच कंपनीच्या, ४.५० हेडच्याच (डोक्याचा व्यास, मिमीत), पण डबा नवा. नळी साफ केल्याची नोंद वहीत कुठेच नाही. दोन वेगळ्या मुलांनी मारून पाहिलं, दोघांचंही तेच, त्यामुळे नेमबाजाचा दोष वाटत नाही. एका विक्रेत्याने फोनवर फोटो बघूनच "नळी गेली, बदला" सांगितलं. नळी बाहेरून मागवावी लागेल आणि खर्च क्लबला झेपणारा नाही. कार्डाचा फोटो जोडलाय. आधी काय काय तपासू?

कोच_मिरज

नळीवर शेवटी या. एअर रायफलीची नळी झिजून जायला फार मोठा काळ लागतो. शिशाची मऊ गोळी, १७०-१७५ मी/से वेग, आत जाळ नाही की दारू नाही. नळी खराब होते ती बहुतेक वेळा गंजाने नाहीतर माणसाच्या हाताने.

आधी फोटोतला ग्रुप नीट बघा. मला त्यात दोन झुबके दिसतात, शेजारी-शेजारी, मधलं अंतर साधारण ४-५ मिमी. प्रत्येक झुबका वेगळा मोजा. तो ७-८ मिमी भरला तर तुमच्याकडे एक नाही, दोन दोष आहेत: झुबका ६ चा ८ झाला तो एक, आणि झुबके दोन पडतात तो दुसरा. दोन्ही एकत्र मोजून "१२ मिमी" म्हणत बसलात तर काहीच सापडणार नाही.

ग्रुपचा आकार बोलतो:
– उभा लांब ग्रुप: वेग कमी-जास्त होतोय, किंवा टेकण बदलतंय.
– आडवे दोन झुबके: काहीतरी ढिलं आहे आणि ते दोन जागी बसतंय. साइट, ट्यूब, स्टॉकचे स्क्रू.
– चोहीकडे गोल पसरलेला: गोळी, नळीतलं शिसं, क्राऊन (नळीच्या तोंडाची कड).
– चार एका भोकात आणि पाचवी लांब: गोळीचा स्कर्ट (मागचा पातळ घेर) दबलेला, नाहीतर ती वाटेत कुठेतरी घासतेय.

आता मुख्य चाचणी. साइट वगळून मारायचं. रायफल व्हाईसमध्ये (शिकंज्यात) स्टॉकला धरा, लाकडाचे दोन ठोकळे आणि त्यांना आतून जाड चामडं किंवा रबर. नळीला धरायचं नाही आणि सिलिंडरला तर मुळीच नाही, त्यात २०० बार आहे. डोळा न लावता ५-५ गोळ्यांचे निदान पाच ग्रुप मारा. पाच गोळ्यांचा एकच ग्रुप काही सिद्ध करत नाही, नशिबाने ५ ही येतो आणि ९ ही. लिव्हर ओढताना रायफल सरकू शकते, म्हणून कुठली गोळी कितवी ते कागदावर लिहीत जा. १-२-३-४-५ एकाच दिशेला ओळीने सरकत गेल्या तर व्हाईस सैल आहे, रायफलीला दोष देऊ नका.

व्हाईसमध्ये दोन झुबक्यांचा एक झाला, की दोष साइटच्या बाजूला. दोनच राहिले तर नळीची बसक (रायफलीत नळी आवळून बसते ती जागा) किंवा ट्यूब.

साइटचा हिशोबही मांडून ठेवा. पुढच्या-मागच्या साइटमध्ये सुमारे ८० सेंमी अंतर असतं, टार्गेट १० मीटरवर, म्हणजे साडेबारा पट. पुढची साइट ०.४ मिमी हलली की गोळी ५ मिमी सरकते. ०.४ मिमी म्हणजे बोटाला जेमतेम जाणवेल एवढं. १० ची रिंग अर्ध्या मिमीचा ठिपका आणि ९ ची ५.५ मिमी, त्यामुळे ५ मिमी म्हणजे दोन पूर्ण गुण गेले.

आणि हो, कागद टांगून मारत असाल तर हॉलमधला पंखा बंद करा. पंख्याच्या वाऱ्याने कार्ड एक-दोन मिमी सहज डुलतं.

कुपवाडचा_टर्नर

ट्यूब काढून परत बसवली आहे ना? मग तिथंच बघा की. ट्यूब पूर्ण काढा, आतून टॉर्च मारा. एका बाजूला करड्या रेघा दिसल्या तर छर्रा जाताना ट्यूबला किंवा एअर स्ट्रिपरच्या (गोळीमागची हवा बाजूला काढणाऱ्या तुकड्याच्या) भोकाला चाटतोय. शिसं मऊ असतंय, जिथं लागतंय तिथं पुसट माखतंय. भोवती सगळीकडे सारखी राखाडी धूळ असली तर काळजी नाही, ती असतेच.

मग नळीची बसक. डायल गेज टेबलाला पकडा (रिसीव्हर ॲल्युमिनियमचा आहे, मॅग्नेट चिकटणार नाही, म्हणून टेबलावर लोखंडी पट्टी ठेवा आणि मॅग्नेट बेस तिच्यावर). सुई नळीच्या टोकाजवळ लावा, नळी बोटाने हलकी डावीकडे दाबा, सोडा, मग उजवीकडे. सुई दोन्ही वेळा त्याच शून्यावर परत आली पाहिजे. दाबताना थोडं वाकणार, त्यात काही नाही. पण डावीकडून सोडल्यावर ०, उजवीकडून सोडल्यावर २-३ शतांश मिमी, असं दिसलं तर क्लॅम्पचे स्क्रू ढिले झालेत.

स्क्रू आवळताना एक पूर्ण आणि मग दुसरा असं नको. आळीपाळीने थोडं थोडं, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कपर्यंत. टॉर्क रेंच नसेल तर कुणाकडून तरी आणा, ॲल्युमिनियममध्ये एलन की ला पाइप लावून पिळलात तर आटे जातील.

क्राऊनला मार लागलेला दिसला तर लेथवर नवीन करून मिळतंय. चार जॉ चकात नळीच्या आतल्या भोकाला डायल लावून ०.०१ मिमीच्या आत सेंटर करायची. बाहेरच्या व्यासावरून सेंटर केली तर काम वाया, कारण भोक आणि बाहेरचा व्यास अगदी एककेंद्री असतीलच असं नाही. ०.२-०.३ मिमी फेसिंग (तोंड सपाट कापणं), मग आतल्या कडेला बारीक चॅम्फर (उतार). नळी मागवण्यापेक्षा हे पुष्कळ स्वस्त.

कराडकर_नेमबाज

टर्नर दादांचं सेंटरिंगचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, पण क्राऊनला हात लावायची घाई मला पटत नाही. बऱ्याच मॅच नळ्यांना तोंडाकडे चोक असतो, शेवटच्या काही सेंटिमीटरमध्ये भोक किंचित आवळलेलं. थोडं फेसिंग केल्याने चोक जात नाही हे खरं, पण एकदा कापलं की परत येत नाही. आधी तपासा:

कानात घालायचा कापसाचा बड नळीच्या तोंडातून आत घालून कडेला टेकवत हळूच बाहेर ओढा, एकेका दिशेने, पूर्ण गोल फिरून. जिथे कापसाचे तंतू अडकतील तिथे बर (धातूचा बारीक काटा) आहे. कुठेच अडकत नसेल आणि भिंगातून कड सगळीकडे सारखी चमकत असेल तर क्राऊनला सोडून द्या. क्राऊन महत्त्वाचा का, तर गोळीचा स्कर्ट नळीतून सुटतो त्या क्षणी मागची हवा चारी बाजूंनी एकदम सुटायला हवी. एका बाजूने आधी सुटली की ती स्कर्टला ढकलते आणि गोळी थोडी तिरपी होऊन निघते.

वेगाबद्दल. लोक लगेच रेग्युलेटर (दर गोळीला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) उघडतात, म्हणून आकडे देतो. १७२ मी/से ला १० मीटर जायला सुमारे ०.०५८ सेकंद, तेवढ्यात गोळी साधारण १६-१७ मिमी खाली येते. वेग ५ मी/से ने बदलला तर फरक जेमतेम १ मिमी, तोही फक्त उभा. म्हणजे निव्वळ वेगामुळे ग्रुप ६ चा १२ व्हायला वेगात ३० मी/से चा फरक लागेल, आणि तेवढा असता तर आवाजावरूनच कळलं असतं. क्रोनोग्राफ (वेग मोजायचं यंत्र) मिळाला तर १० गोळ्या मारून बघा. सर्वात जलद आणि सर्वात मंद यांतला फरक ३ मी/से च्या आत असला तर रेग्युलेटरकडे बघूही नका. बराच वेळ ठेवलेल्या रायफलीची पहिलीच गोळी दर वेळी जलद जात असेल, तर मात्र रेग्युलेटर गळतोय, दाब हळूहळू चढतोय. ते काम सर्व्हिस सेंटरचं.

ब्रीचची (गोळी भरायच्या तोंडाची) ओ-रिंग घरी तपासता येते. गोळी भरून बोल्ट बंद करा, फटीवर टिश्यू पेपरची बारीक पट्टी ठेवा, पेलेट ट्रॅपमध्ये मारा. पट्टी उडाली तर ओ-रिंग चिरलीय किंवा सुकलीय. नवी बसवताना सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला लागेल न लागेल इतकंच.

उघडायच्या आधी सिलिंडर काढा, आत राहिलेली हवा सुरक्षित दिशेला कोरं फायर करून सोडा, आणि ब्रीचमध्ये गोळी नाही हे डोळ्याने बघा.

कोच_मिरज

कराडकरांनी सिलिंडरचा विषय काढलाच आहे तर: भरण्याच्या तोंडाला मशीनचं तेल, डब्ल्यूडी-४०, काहीही लावायचं नाही. आणि आपल्याकडे वेल्डिंगवाल्यांकडून ऑक्सिजन भरून घ्यायची शक्कल कुणीतरी काढतंच. ऑक्सिजन आणि ग्रीस २०० बारला एकत्र आले तर स्फोट होतो. कोरडी श्वसनाची हवा, डायव्हिंग कॉम्प्रेसरची, एवढीच. हातपंप वापरत असाल तर पावसाळ्यात ओलावा गाळणारा फिल्टर लावल्याशिवाय नको, आत पाणी साचतं.

विश्रामबाग_१०मी (सांगली)

सगळ्यांचे आभार. सांगितलेल्या क्रमाने केलं, निकाल देतो.

जुन्या कार्डांवर प्रत्येक झुबका ७.५ ते ८ मिमी, झुबक्यांतलं अंतर ४.५. कोच सरांचा अंदाज बरोबर. व्हाईसमध्ये झुबका एकच झाला, पाचही ग्रुप ८ च्या आसपास, गोल. डायल गेज दोन्ही बाजूंनी शून्यावर परत येतो. ट्यूबच्या आत रेघा नाहीत. टिश्यूची पट्टी हलली नाही. क्राऊनवर कापूस अडकत नाही.

पुढच्या साइटची रेल ट्यूबला ज्या छोट्या स्क्रूने आवळली आहे तो हाताला घट्ट लागत होता. पण साइट दोन बोटांत धरून पिळली की अगदी बारीक टक् असा आवाज. उघडून बघितलं तर क्लॅम्पच्या खाली केसच्या फोमचा कण चिकटलेला. तो काढून परत आवळली, आता टक् येत नाही आणि टेकून मारल्यावर झुबका एकच.

म्हणजे अर्धं सुटलं. ८ अजून आहेच.

कोच_मिरज

उत्तम. आता राहिलेल्या ८ ला दोनच संशयित: शिसं आणि गोळ्या. एका वेळी एकच गोष्ट बदला.

आधी साफसफाई. ४.५ मिमीचे फेल्ट क्लीनिंग पेलेट मिळतात. मागून, ब्रीचमधून, रॉडने ढकला किंवा दोन-तीन एकत्र भरून हवेने मारा. एकच फेल्ट फार हलकं असतं, हवेला अडवत नाही आणि व्हॉल्व्हवर ताण येतो, म्हणून दोन-तीन. पहिले काळे-करडे निघतील. मग एका फेल्टवर नळी साफ करायच्या तेलाचा एक थेंब, ते रॉडने ढकला (तेल लावलेलं हवेने मारायचं नाही), पाच-दहा मिनिटं थांबा, मग कोरडे फेल्ट निघतील तितके. पांढरे निघायला लागले की थांबा. तोंडाकडून स्टीलचा रॉड घालणाऱ्याला क्लबमध्ये येऊ देऊ नका, बहुतेक क्राऊन तसेच मरतात. काम झाल्यावर साबणाने हात धुवा, मुलांनाही लावा, शिसं पोटात जायला नको.

साफ केल्यावर पहिल्या २०-३० गोळ्या मोजू नका. कोरड्या नळीत शिशाचा पातळ थर बसेपर्यंत ग्रुप भटकतो. हे ठाऊक नसलेले लोक "साफ केल्याने रायफल बिघडली" म्हणत फिरतात.

रॉडने ढकलताना हाताकडे लक्ष द्या. एक गोळी नळीतून हळू ढकलून काढा. सुरुवातीला घट्ट, मग सारखं, चोक असेल तर शेवटी परत घट्ट. मध्येच एका जागी अडकून पुढे सैल झाली तर तिथे गंज किंवा शिशाचा गोळा. निघालेली गोळी भिंगाखाली बघा, डोक्यावर खाचांचे ठसे गोल सारखे हवेत. एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला पुसट असतील तर ती तिरपी शिरतेय, मग ब्रीचकडचं तोंड बघावं लागेल.

गोळ्यांसाठी ४.४९, ४.५०, ४.५१ तिन्ही हेड मागवा, शक्यतो नमुना पाकिटं. डब्यावर "४.५०" लिहिलं म्हणजे जुन्या डब्यासारखंच असं नाही, लॉट बदलला की साचाही बदललेला असू शकतो. नवीन डबा पावसात आला होता का? गोळ्यांवर पांढरी भुकटी दिसली तर शिशाला ओलाव्याने गंज चढलाय. ती फुंकायची नाही, तो डबा सरावातसुद्धा नको. पुढे हवाबंद डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा, कृष्णेकाठचा पावसाळा आहे.

वाईची_प्रोन

मध्येच विचारते. आमच्याकडे .२२ ला (काडतुसाच्या रायफलीला) ५० मीटरवर असाच ग्रुप पसरलाय. स्वप्नील कुसाळेंच्या पॅरिस २०२४ च्या कांस्यपदकानंतर प्रोन (पालथं झोपून) आणि थ्री पोझिशनकडे मुलं वळलीत, पण .२२ च्या देखभालीचं कुणी सांगत नाही. हेच सगळं .२२ ला लागू पडतं का?

कराडकर_नेमबाज

ताई, साइट, स्क्रू आणि कागदावरचं वाचन तेच. बाकी बरंच वेगळं.

पहिलं म्हणजे वेग. तिथे तो खरोखर महत्त्वाचा. ५० मीटरला गोळीला साधारण ०.१६ सेकंद लागतात, तेवढ्यात ती १२ सेंमीच्या आसपास पडते. १० मी/से चा फरक म्हणजे ७-८ मिमी उभं. ५० मीटरच्या १० च्या रिंगचा व्यासच १०.४ मिमी. म्हणून दारूगोळ्याचा लॉट हा पहिला संशयित, नळी नाही. वेगवेगळ्या लॉटचे १०-१० गोळ्यांचे ग्रुप मारा, आणि लॉट बदलला की पहिल्या १५-२० गोळ्या सोडून द्या. गोळीवरचं मेण वेगळं असू शकतं, नळीला ते बसावं लागतं.

दुसरं, चेंबरच्या लगेच पुढे कार्बन आणि शिशाचं कडं साचतं. एअर रायफलीत हे होत नाही. गोळी भरताना पूर्वीपेक्षा जास्त जोर लागायला लागला की समजा कडं जमलंय. ब्रीचकडून, बोअर गाइड (रॉड सरळ ठेवणारी नळकांडी) लावून, एकसंध कोटेड रॉड, सॉल्व्हंट लावलेला पॅच, दहा मिनिटं थांबा, मग फॉस्फर ब्रॉंझचा ब्रश त्या भागापुरता चार-पाच वेळा. स्टीलचा ब्रश नाही.

तिसरं, .२२ ची नळी टर्नर दादांकडे न्यायची नाही, कितीही हुशार असले तरी. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकीच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो. परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच द्या आणि नोंद ठेवा. ५० मीटरच्या चाचणीला जागा नसेल तर कोल्हापूरला दुधाळीच्या रेंजवर विचारा.

कुपवाडचा_टर्नर

बरोबर आहे, .२२ आणली तर मीच परत पाठवीन. एअर रायफल ४.५ मिमी आणि २० ज्यूलच्या आतली, तेवढंच आपलं काम.

विश्रामबाग_१०मी (सांगली)

शेवटचा निकाल. फेल्ट पहिले अगदी काळे निघाले, नळीत एका जागी रॉड अडकत होता, तेलानंतर मोकळा झाला. बसवायच्या गोळ्या सोडून मोजलं तर जुन्या ४.५० ने ७ मिमी. त्याच नळीत ४.४९ ने ६.५ आणि ४.५१ ने ५.५ ते ६. आताच्या डब्याच्या गोळ्यांवर भिंगातून हलकी पांढरट झाक दिसतेय, तो डबा बाजूला काढला. नळी बदलायची नाही.

एकच विचारायचं राहिलं: फेल्ट किती दिवसांनी घालायचं?

कोच_मिरज

दर डब्याला, म्हणजे ५०० गोळ्यांमागे, दोन कोरडे फेल्ट एकत्र. तेल फक्त पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि रायफल बराच काळ ठेवायची असेल तेव्हा, आणि मारायच्या आधी कोरडं करून.

कराडकर_नेमबाज

मी इतकं करणार नाही. ग्रुप लहान येतोय तोवर नळी तशीच ठेवा. दर महिन्याला त्याच लॉटने, त्याच टेकणावर पाच ग्रुप मारून कार्ड तारीख घालून वहीत चिकटवा, आणि सरासरी अर्ध्या मिमीने वाढली की फेल्ट घाला. वहीत साइटच्या स्क्रूला पेनाने मारलेली खूण जागेवर आहे का तेही लिहा. रायफल केसमधून बाहेर आली की आधी साइट पिळून बघायची आणि मगच पहिली गोळी. आणि सिलिंडरवरची मुदत बघून घ्या, स्पर्धेत ती संपलेली निघाली तर जबाबदारी नेमबाजावरच येते.